पेंढा किती?

भाताचं फूल फार वेळ उघडं राहत नाही. सकाळी साडेनऊ-दहाला ऊन तापलं की लोंबीतली टरफलं तोंड उघडतात, आतले सहा परागकोश बाहेर लोंबतात आणि तासाभरात टरफलं पुन्हा मिटतात. बहुतेक वेळा उघडता उघडताच ते फूल स्वतःच्या परागाने फळून मोकळं झालेलं असतं. म्हणून दोन जातींचा संकर करायचा तर आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर कामाला बसावं लागतं. पोटरीतून नुकती बाहेर येणारी लोंबी निवडायची. उद्या उघडतील अशी फुलं तेवढी ठेवून बाकीची कापून टाकायची. राहिलेल्यांचा शेंडा बारीक कात्रीने तिरका उडवायचा आणि चिमट्याने आतले सहाच्या सहा परागकोश काढून घ्यायचे. पाच निघाले आणि एक राहिला तर सगळी मेहनत फुकट. मग वर बटर पेपरची पिशवी, आणि दोऱ्याने टॅग: आई कोण, बाप कोण, तारीख काय. दुसऱ्या दिवशी बापाची लोंबी आणून त्या पिशवीत झटकायची. एवढं करून किती दाणे धरतील, याची हमी ब्रह्मदेवही देत नाही.

कर्जतच्या भात संशोधन केंद्रात मी हे काम तीसेक वर्षं केलं. आधी रोजंदारीवर, पुढे कायम. केंद्र 1919 पासूनचं आहे; मी लागले तेव्हाच तिथल्या जुन्या इमारतींना आणि जुन्या नोंदवह्यांना एक वास होता. दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे ते आलं 1972 नंतर. बाहेरून शास्त्रज्ञ, विद्यार्थी पाहायला येत. कुणीतरी माझ्या हाताकडे बघून विचारायचं, "मावशी, हे कुठे शिकलात?" मी सांगायचे, "इथेच, सायेबांनी शिकवलं." चिमटा धरायला त्यांनी शिकवलं, हे खरंच आहे. बाकीचं मी घरून आणलं होतं, आणि ते घरून आणलंय हे मला स्वतःलाही बऱ्याच उशिरा कळलं.

माझं माहेर कशेळ्याच्या पुढे, खांडसच्या रस्त्याला. पावसाळ्याचे चार महिने भीमाशंकरचा डोंगर ढगात असायचा आणि आम्ही चिखलात. बाबा मुंबईला गिरणीत. गावातल्या निम्म्या घरांतले पुरुष असेच मुंबईला, त्यामुळे शेती म्हणजे आई, आजी आणि आम्ही तीन भावंडं. कुलाबा जिल्ह्याचं नाव बदलून रायगड झालं, 1981 ला, तेव्हा मी शाळेत होते. गुरुजींनी फळ्यावर नवं नाव लिहिलं, आम्ही पाटीवर उतरवलं, आणि आजी शेवटपर्यंत कुलाबाच म्हणत राहिली.

आमच्या खाचरांत देवभात यायचं. हे रानटी भात. रोप लहान असताना ते पेरलेल्या भातासारखंच दिसतं. पुढे त्याला लांब कुसळ येतं आणि दाणा पिकायच्या आत गळून पडतो, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा शेतात हजर. ऋषिपंचमीला नांगराचं खायचं नाही म्हणून बायका ते मुद्दाम शोधून आणतात. पण शेतात ते नको असतं. आई बेणायला वाकली की चालता चालता त्याची रोपं उपटून बांधावर टाकायची. मी विचारायचे, कशावरून हे देवभात? ती सांगू शकायची नाही. "बघ ना, दिसतंय की." मी बघायचे, मला काही दिसायचं नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, आणि एक दिवस मलाही दिसायला लागलं. पानाचा कोन जरा निराळा, बुंध्याशी किंचित जांभळट, उभं राहण्याची तऱ्हा वेगळी.

केंद्रात बियाण्याच्या प्लॉटमधून भेसळ काढायचं काम असतं. कर्जत-3 ही जात 1994 मध्ये आली आणि तिच्या बियाण्याला राज्यभरातून मागणी यायला लागली. बियाणं शुद्ध द्यायचं म्हणजे हजारो चुडांतून एखादा उंच, एखादा लवकर निसवलेला, एखादा निराळ्या पानाचा चूड हुडकून मुळासकट काढायचा. पदवी घेऊन आलेली पोरं पुस्तकातल्या खुणा पाठ करून प्लॉटमध्ये उतरायची आणि तासाभरात त्यांचे डोळे दमायचे. आम्ही बायका गप्पा मारत ओळीने जायचो आणि हात आपोआप नको त्या चुडाकडे जायचा. एका डॉक्टरसाहेबांनी एकदा आमच्या मागून पुन्हा फेरी मारून पाहिली, काही राहिलंय का. मला म्हणाले, "तुम्ही काय बघता, ते लिहून द्या." मी रात्री वही घेऊन बसले. चार ओळी लिहिल्या आणि माझ्या लक्षात आलं, की मीही आईसारखंच म्हणतेय: बघा ना, दिसतंय की.

आता सावडीचं सांगते, कारण माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण तिचं आहे.

आवणी, म्हणजे भाताची लावणी, चार-पाच दिवसांत उरकावी लागते. रोप जून झालं तर फुटवे कमी येतात. एका घरच्या बायकांना हे झेपत नाही, म्हणून आज सगळ्या तुझ्या शेतात, उद्या माझ्या, परवा तिच्या. पैसे नाहीत. दुपारची भाकरी, सुकट आणि चहा ज्याचं शेत त्याच्याकडे. कुणाच्या घरून किती माणसं आली हे कुठे लिहिलेलं नसायचं, पण आजीला मागच्या तीन वर्षांचं तोंडपाठ.

जुन्या गावातली माणसं फार प्रेमळ होती, असं हल्ली मी खूप ठिकाणी वाचते. असतील कुठे. आमच्या आळीत दोन घरांचं बांधावरून भांडण होतं आणि त्या दोन जावा एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. पण सावडीच्या दिवशी त्या एकाच खाचरात, एकाच ओळीत वाकलेल्या असायच्या. एकीच्या हातातली मूठ संपली तर दुसरी न बोलता आपल्यातली अर्धी तिच्यापुढे टाकायची. कारण दोघींना ठाऊक होतं: वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात सोडावंच लागतं, आणि खालच्याने वाट दिली नाही तर वरचा बांध फुटतो. भातशेतीत रुसून एकटं राहायची सोय नाही. मला हे माणसांच्या चांगुलपणाहून मोठं वाटतं. चांगुलपणा आज असतो, उद्या नसतो. सावड तुम्हाला मनात काय आहे हे विचारत नव्हती, उद्या किती माणसं येताय एवढंच विचारत होती.

हेही सांगायला हवं, की त्या पद्धतीत सगळं सरळ नव्हतं. आमच्याकडे बैल नव्हते. एक दिवस औत मिळवायचं तर आईने दोन दिवस बैलवाल्याच्या शेतात आवणी करायची, असा गावचा भाव होता. बाईचे दोन दिवस म्हणजे बैलजोडीचा एक. हा भाव कुणी ठरवला, असं मी एकदा विचारलं तर आजी म्हणाली, "तू शाळेत जातेस ना, मग गणित कर. भाव नको करू." मला तो भाव तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. गुणगान करायला बसले म्हणून मी तो सोडून देणार नाही.

18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. होळीला बाबा पत्र्याची ट्रंक घेऊन आले ते आलेच. आधी वाटलं महिना-दोन महिने. मग पाऊस आला, आणि घरात रोकड आणणारं कुणी नाही. पावसाळ्यात आमच्या भागात घरोघरी दाणे संपतात. मग खावटी घ्यायची. खावटीची रीत दिढीची: श्रावणात एक मण नेलं तर मळणीला दीड मण घालायचं. असं दोन-तीन वर्षं चाललं की शेत सावकाराच्या नावावर जायला वेळ लागत नाही. ही गोष्ट आमच्या तालुक्यात नवी नव्हती. माथेरानचे भाई कोतवाल, वकील माणूस, यांनी स्वातंत्र्याच्या आधी नेमकं याच्यासाठी शेतकऱ्यांची धान्यकोठारं काढली होती. ज्याच्याकडे आहे त्याने जमा करायचं, ज्याला नड आहे त्याने न्यायचं. पुढे ते बेचाळीसच्या लढ्यात उतरले आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. शाळेच्या पुस्तकात आणि भाषणांत त्यांचं सिद्धगड येतं. गावच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात कोठार आधी यायचं.

त्या पावसाळ्यात आमच्याकडे दिढीचं भात आलं नाही. ज्या घराशी आमचं फारसं येणंजाणं नव्हतं, त्या घरच्या आजोबांनी मुलीच्या डोक्यावर टोपली देऊन पाठवलं. निरोप एवढाच: मोजून घ्या, मोजून द्या. म्हणजे जेवढं नेलं तेवढंच परत. आईने पायलीने मोजून घेतलं, कणगीवर कोळशाने रेघा ओढल्या, आणि दिवाळीनंतर मोजून परत दिलं. त्यावर एक अक्षर कुणी बोललं नाही. पुढे कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्यबँका चालवल्या, स्थानिक भाताच्या जाती गोळा करून जपल्या, तेव्हा बाहेरच्या लोकांना ते फार नवल वाटलं. आम्हाला ओळखीचं वाटलं. त्या टोपलीमुळे माझी शाळा सुटली नाही. दहावी झाले, म्हणून पुढे वही-पेन्सिल माझ्या हातात आली आणि टॅगवरची नावं मी लिहू लागले; नाहीतर केंद्रात आयुष्यभर नुसता चिखलच तुडवला असता. त्याला वाईट म्हणत नाही, पण फरक पडतो.

लग्न होऊन दहिवलीला आले आणि पहिल्यांदा उन्हाळ्यात हिरवं भात बघितलं. माहेरी मार्गशीर्षानंतर सगळं पिवळं. इथे पेज नदीला बारमाही पाणी. टाटांनी घाटावरच्या आंध्रा नदीचं पाणी अडवून भिवपुरीच्या वीजघरात खाली सोडलं, ते चाकं फिरवून पेजेला मिळतं, आणि राजनाल्याच्या कालव्यातून कर्जतच्या शेतांत जातं. खोपोलीचं वीजघर त्याआधीचं, 1915 चं. तिथलं पाणी पाताळगंगेला. मुंबईच्या गिरण्या आणि दिवे चालवायला केलेली ही सोय, पण उरलेल्या पाण्यावर आमच्याकडे जानेवारीत दुसरी आवणी होते. सासूबाई म्हणायच्या, तुमच्याकडच्या बायका सहा महिने बसून खातात. मी मनात म्हणायचे, बसून नाही, लाकूडफाटा आणि राब वेचून.

केंद्रातलं एक वळण मला चांगलं आठवतं. शिवारफेरी होती. गावोगावचे शेतकरी ट्रकने, एसटीने आले होते. नव्या, बुटक्या जातीच्या प्लॉटशी उभं राहून साहेब सांगत होते. आयआर-8, जया, रत्ना इथपासून त्यांनी सुरुवात केली, मग हेक्टरी उतारा, दाण्याची लांबी, किती दिवसांत तयार, करप्याला किती टिकते. सगळं खरं होतं आणि साहेब तळमळीने सांगत होते. बोलणं संपल्यावर विचारलं, काही शंका? मागून ठाकरवाडीची एक म्हातारी म्हणाली, "पेंढा किती?"

लोक हसले. साहेबही हसले आणि म्हणाले, "मावशी, दाणा बघा ना." म्हातारी गप्प बसली आणि पुढच्या प्लॉटकडे निघून गेली. तिच्यामागे तिच्या वाडीची सगळी माणसं गेली.

संध्याकाळी वजनकाट्याशी काम करताना मी साहेबांना सांगितलं. ते घाटावरचे, ज्वारीच्या मुलखातले. कडबा त्यांना कळत होता, पेंढा कळत नव्हता. म्हटलं, साहेब, आमच्याकडे पावसाळ्यात गवत उदंड, पण होळीपासून मृगापर्यंत बैल पेंढ्यावर जगतो. बैल गेला तर औत गेलं. ठाकरांची घरं पेंढ्याने, गवताने शाकारतात. आंब्याची आढी पेंढ्यात. पावसाळ्यात शेळी व्याली तर खाली पेंढा. बुटकं भात कंबरेच्या खाली कापायचं म्हणजे दाणा दीडपट आला तरी घर उघडं पडतं. साहेबांनी ऐकून घेतलं. पेंढ्याचं वजन आम्ही प्रत्येक चाचणीत घेतच होतो, पण तो आकडा तक्त्यात शेवटच्या रकान्यात जाऊन बसायचा. पुढच्या शिवारफेरीला साहेबांनी उताऱ्याच्या जोडीलाच तो वाचला. म्हातारी आली नव्हती. पण दुसऱ्या कुणी तरी पुढचा प्रश्न विचारला: याची भाकरी चिवट होते की फुटते?

त्या दिवसानंतर मी साहेबांच्या मागे नुसती वही घेऊन उभी राहिले नाही. कुणी गावाकडचं माणूस प्रश्न विचारून हसण्यावारी गेलं तर मी मध्ये बोलायचे. आगाऊ म्हणून माझं नाव पडलं. पडू दे.

राबाचंही तसंच झालं. आमच्याकडे मे महिन्याआधी शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून, वर माती लोटून राब भाजतात. तण मरतं, राख मिळते, रोप जोमदार येतं. चारसूत्री पद्धत आली तेव्हा सांगायला लागले, फांद्या तोडून भाजू नका, भाताच्या तुसाची राख वाफ्यात मिसळा, शेतात गिरिपुष्पाचा पाला गाडा, दोरीवर खुणा करून नेमक्या अंतराने लावणी करा आणि चार चुडांच्या मधोमध खताची एक ब्रिकेट खोचा. मी माहेरी जाऊन आईला सांगितलं. राखेचं तिला लगेच पटलं. म्हणाली, राखच हवी होती, जंगल कुठे हवं होतं. दोरीला मात्र तिने नाक मुरडलं. तिची ओळ दोरीशिवाय सरळ असायची, आणि ज्या बाईची ओळ सरळ येत नाही तिला दोरी देऊनही येत नाही, असं तिचं म्हणणं. पहिली गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. दुसरी खोटी आहे. दोरीने नवशिक्या पोरींची लावणी सुधारते.

एका गोष्टीबद्दल लिहावं की नाही, असं बरेच दिवस मनात होतं. आमच्या शेतात आवणीला कातकरी बायका यायच्या. चिखल एक, पाऊस एक, ओळ एक. पण दुपारी चहा त्यांना करवंटीत, आणि पाणी वरून ओंजळीत. आमच्या घरात. मला वाढवणाऱ्या त्याच प्रेमळ हातांनी. दिवाळी झाली की ती माणसं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघून जायची आणि गावात कुणाला त्यांची आठवण यायची नाही, ती पुन्हा मृगाला. ज्या समाजाने मला घडवलं त्याचे आभार मानताना हा भाग गाळून टाकला तर ते आभार खोटे ठरतील.

त्यांच्यातल्या एका मावशीने मला लहानपणी बिळं वाचायला शिकवलं होतं. पहिल्या पावसात रात्री ती पोत पेटवून मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, धरायला यायची, मी भावाबरोबर मागे मागे. मुठ्याचं बीळ बांधातून आरपार गेलं की खाचर रात्रीत रिकामं होतं. तोंडाशी माती ओली आणि दाणेदार असेल तर आत कुणीतरी आहे. उंदराचं बीळ असेल तर संध्याकाळी चिखलाने लिंपायचं; सकाळी उघडलेलं दिसलं तर ते जिवंत. हे सगळं मला तेव्हा खेळ वाटायचं. घरी आजी ओरडायची, त्यांच्या मागे फिरतेस, उद्या उंदीर खायला शिकशील.

एका वर्षी केंद्रात चाचणीच्या प्लॉटमध्ये उंदरांनी धुमाकूळ घातला. एकेका जातीच्या मोजक्या ओळी, त्यातल्या दोन कुरतडल्या की वर्षाचं काम गेलं. विष ठेवायचं ठरलं, पण कुठे ठेवायचं? बांधावर बिळं शंभर. मी म्हटलं, आधी सगळी लिंपू. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलेली मोजकीच निघाली, तिथेच विष ठेवलं. साहेबांनी सांगितलं, पुस्तकातही हेच आहे, जिवंत बीळ असंच ओळखतात. असेल. माझ्या पुस्तकाला करवंटीत चहा मिळत होता.

1998 मध्ये केंद्राचं सह्याद्री हे संकरित भात आलं. त्याच्या बियाण्यासाठी मादीच्या सहा-आठ ओळी, नराच्या दोन, पुन्हा मादीच्या, अशी लावणी असते. मादीला स्वतःचा पराग नसतो. फुलं उघडली की दोघींनी दोरीची दोन टोकं धरून प्लॉटच्या दोन बांधांवरून चालायचं. दोरी नराच्या लोंब्यांवरून सरकते आणि पराग उडतो. अर्ध्या अर्ध्या तासाने पुन्हा. ऐकायला सोपं वाटतं. एकीचं पाऊल पुढे गेलं की दोरी तिरकी होते, लोंब्या मोडतात. मी नेहमी माझ्या जोडीला वाडीवरची बाई मागून घ्यायचे. आम्हाला एकमेकींकडे बघावं लागत नसे.

माझी धाकटी बहीण खालापूर तालुक्यात दिली, चौकच्या बाजूला, इर्शाळगडाच्या पायथ्याच्या अंगाला. तिकडे घरटी एक माणूस खोपोली किंवा रसायनीच्या कंपनीत, आणि शेतं एक्स्प्रेस-वेने दुभागलेली. मला वाटायचं, तिकडे सावडबिवड काही उरली नसणार. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. वर गाडीरस्ता नाही. यंत्रं खालीच थांबली, माणसं पावसात पायवाटेने चढून गेली आणि फावड्यांनी, हातांनी माती उपसत राहिली. 27 मृतदेह मिळाले. 57 माणसं सापडलीच नाहीत, आणि 23 तारखेला शोध थांबवावा लागला. माझा भाचा, कंपनीत तीन पाळ्यांत काम करणारा, मोबाइलमधून डोकं वर न काढणारा, त्या रात्री कुणी न सांगता वर गेला. बहिणीकडे आणि आजूबाजूला बायका भाकऱ्या थापत होत्या आणि कुणाच्या घरून किती भाकऱ्या हे बहिणीची सासू बोटांवर मोजत होती. मी फोनवर ते ऐकलं आणि मला आमची आजी ऐकू आली. वाडीतली ठाकर माणसं या लोकांच्या शेतात आवणीला यायची. त्यांच्यातली कोण कोण नाहीत, हे बहिणीला पुढच्या पावसाळ्यात एकेका ओळीत कळत गेलं.

भावाने दोन वर्षांपूर्वी खालची दोन खाचरं विकली. मी रागावले नाही. भाताने कुणाच्या पोरीचं लग्न होत नाही आणि कुणाचं ऑपरेशनही होत नाही. मला पगार होता म्हणून मला शेताचं प्रेम परवडलं. घेणारे मुंबईचे. त्यांनी आधी चारी बाजूंनी भिंत घातली. पहिल्याच पावसात वरच्या खाचराचं पाणी भिंतीला अडलं, बांध फुटला, शेजाऱ्याचं रोप वाहून गेलं. गावात बैठक बसली, आवाज चढले. त्या गृहस्थाला मी बाजूला घेऊन शेतात नेलं आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं ते पायाने चालून दाखवलं. माणूस वाईट नव्हता. जमिनीच्या कागदांवर हद्दी होत्या, पाण्याचं कुठे काही लिहिलेलं नव्हतं, तर त्याला कळणार कुठून. त्याने भिंतीखालून दोन मोठे पाइप टाकून दिले. पुढच्या वर्षी त्यातला एक कचऱ्याने तुंबला, पण आता तो स्वतः फोन करून विचारतो.

निवृत्त झाल्यापासून भावाच्या उरलेल्या शेतातलं एक खाचर मी करते. यंदा आवणीला ठाकरवाडीच्या बाया आल्या. रोज आधीच ठरवला. त्यांनी मागितला तेवढा दिला, कारण मी बायकांचा भाव पाडणार नाही असं माझं मीच ठरवलेलं आहे. संध्याकाळी पैसे मोजून घेतल्यावर त्यांच्यातली एक, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, म्हणाली, "बुधवारी आमच्या दळीवर आवणी हाय. ये."

म्हटलं, "अगं, माझे गुडघे कुठे वाकतात आता."

"वाकू नको. बांधावर बसून मुठी बांध."

बुधवारी गेले. दिवसभर मुठी बांधल्या, त्यांची भाकरी आणि सुकट खाल्लं. रोप त्यांनी फार दाट पेरलं होतं, त्यामुळे बारीक राहिलं होतं. मी ते बोलून दाखवलं. पुढच्या वर्षी बी पेरायच्या आधी मला बोलवायचं, असं ठरलं आहे.